‘आम्ही’ आधी, ‘आपण’ नंतर

शाळा या शब्दाला आपल्या घरांत फार मानाचे स्थान आहे. पोटाला चिमटा घेऊन, अंगावरचा शेवटचा दागिना मोडून आपल्या आयाबायांनी पोरांना शाळेत धाडले. वर्गाबाहेर बसून अक्षरे गिरवलेल्या माणसांच्या आठवणी आपल्याकडे घरोघरी सांगितल्या जातात. म्हणून शाळा म्हटले की आपल्याला उजेड आठवतो. परंतु जगाच्या पाठीवर असेही लोक आहेत, ज्यांच्या घरात शाळेचा विषय निघाला की म्हातारी माणसे गप्प होतात. त्यांना कोणी वर्गाबाहेर बसवले नव्हते. त्यांना आत कोंडले होते. कॅनडाच्या मूळ रहिवाशांची ही गोष्ट आहे. आणि आज ती ज्या शाळांत शिकवली जाते, त्यांतल्या पुष्कळ शाळा कॅथलिक आहेत. म्हणजे ज्यांनी कोंडले त्यांच्याच परंपरेतल्या आहेत. हा प्रकार आम्ही जवळून पाहिला. तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्हा उभयतांची सारी हयात शिक्षकी पेशात गेली. मराठीचे व्याकरण शिकवता शिकवता केस पांढरे झाले. सेवानिवृत्तीनंतर मुलाकडे कॅनडात येणे-जाणे सुरू झाले. मुलगा टोरांटो शहराला लागून असलेल्या मिसिसागा येथे राहतो. नात तिथल्या एका कॅथलिक हायस्कूलमध्ये शिकते. आपल्या मंडळींना याचे नवल वाटेल. पण ओंटारियो प्रांतात कॅथलिक शाळा सरकारी पैशावर चालतात. त्यांचा हक्क १८६७ च्या कायद्यानेच राखून ठेवलेला आहे, आणि १९८५ पासून हे अनुदान टप्प्याटप्प्याने हायस्कूलच्या शेवटपर्यंत नेण्यात आले. प्राथमिक शाळेत साधारणपणे कॅथलिक घरातलीच मुले घेतात. हायस्कूल मात्र सर्वांना खुले असते. शाळा घराजवळ, शिस्तीची म्हणून नावाजलेली. तेव्हा मुलाने आणि सूनबाईंनी तिथे नाव घातले.

२०२४ च्या सप्टेंबर महिन्यात आम्ही तिथे होतो. ३० तारखेला नात सकाळी भगव्या-नारिंगी रंगाचा सदरा घालून जिना उतरली. शाळेचा गणवेश सोडून हे काय, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, “आजोबा, आज आमच्या शाळेत सगळे हेच घालून येणार. सर आणि मॅडमसुद्धा.” आणि निघता निघता तिने त्या सदऱ्याची हकीगत सांगितली.

१९७३ साली ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फिलिस नावाची सहा वर्षांची एक मुलगी होती. आजीने तिला निवासी शाळेत जाण्यासाठी बाजारातून झगमगीत नारिंगी सदरा घेऊन दिला. विल्यम्स लेक गावाजवळच्या सेंट जोसेफ्स मिशन या शाळेत ती पहिल्या दिवशी पोहोचली, आणि तो सदरा तिच्या अंगावरून उतरवला गेला. तो तिला पुन्हा कधी मिळाला नाही. फिलिस वेबस्टॅड यांनी मोठेपणी ही आठवण चारचौघांत सांगितली, आणि २०१३ पासून ३० सप्टेंबर हा नारिंगी सदऱ्याचा दिवस झाला. पानगळीच्या सुमारास मुलांना घरातून नेत, म्हणून हा दिवस. २०२१ पासून कॅनडा सरकारनेही याच तारखेला सत्य आणि समेटाचा राष्ट्रीय दिवस ठरवला.

एका सदऱ्याची गोष्ट लहान आहे. तिच्या मागची गोष्ट फार मोठी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कॅनडा सरकारने ठरवले, की मूळ रहिवाशांचा प्रश्न कायमचा मिटवायचा तर त्यांची मुले आईबापांपासून तोडली पाहिजेत. १८८३ मध्ये पश्चिमेकडच्या मुलखात सरकारच्या पैशावर अशा तीन मोठ्या शाळा काढायचे ठरले. त्यांतल्या दोन कॅथलिक चर्चकडे सोपवल्या. १९२० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि सात ते पंधरा वर्षांच्या मुलांना शाळेत घालणे सक्तीचे झाले. मूल दिले नाही तर आईबापांना शिक्षा. शतकभराहून अधिक काळात फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इन्युइट या तिन्ही समाजांची मिळून सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. पुढे झालेल्या नुकसानभरपाईच्या करारात अशा १३९ शाळा मान्य झाल्या. शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९० चे दशक संपत आले होते. पैसा सरकारचा, कारभार चर्चचा. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथॉडिस्ट, युनायटेड असे सर्वच पंथ त्यात होते. पण सुमारे साठ टक्के शाळा कॅथलिकांकडे होत्या. त्यातही ऑब्लेट नावाच्या एकाच धर्मसंघाने ४८ शाळा चालवल्या.

आत काय होत असे? आल्याबरोबर केस कापत. घरचे कपडे काढून घेत. पुष्कळ शाळांत मुलांना नावाऐवजी आकड्याने हाक मारत. भाऊ एका बाजूला, बहीण दुसऱ्या बाजूला. एकमेकांशी बोलायची बंदी. आईची भाषा तोंडून निघाली की मार. अर्धा दिवस अभ्यास आणि अर्धा दिवस शेतात, गोठ्यात, धुणीभांडी करण्यात. अन्न अपुरे, खोल्या कोंदट, क्षयाची साथ कायमची. सरकारचेच वैद्यकीय अधिकारी डॉ. पीटर ब्राइस यांनी १९०७ मध्ये पंधरा शाळांची माहिती गोळा केली, तेव्हा तिथे शिकलेल्या मुलांपैकी जवळजवळ चतुर्थांश मरण पावली असल्याचे आढळले. त्यांनी उपाय सुचवले. सरकारने ते बासनात गुंडाळून ठेवले. नोकरीतून बाहेर पडल्यावर १९२२ मध्ये त्यांनी स्वतः एक पुस्तिका छापून याला राष्ट्रीय गुन्हा म्हटले. कोणी दखल घेतली नाही. या शाळांत गेलेल्या आणि परत न आलेल्या ४१०० हून अधिक मुलांची नोंद आजवर झाली आहे. लैंगिक अत्याचाराच्या कहाण्या तर लिहवत नाहीत. आमच्या मुलाच्याच प्रांतात, उत्तरेला फोर्ट अल्बनी येथे सेंट अ‍ॅन्स नावाची कॅथलिक निवासी शाळा होती. तिथे घरी बनवलेल्या विजेच्या खुर्चीवर बसवून मुलांना झटके देत असत. १९९० च्या दशकात पोलीस चौकशी झाली, काही कर्मचाऱ्यांना शिक्षाही झाल्या.

आता वाचकांच्या मनात येईल, की हे सगळे एका कॅथलिक शाळेत, भिंतीवर क्रूस टांगलेल्या वर्गात, कॅथलिक बाई मुलांना कसे सांगत असतील? आमच्याही मनात हेच आले. नातीने वही दाखवली.

त्या बाई धर्मशिक्षणाचा तास घेतात. त्यांनी मुलांना पुस्तकातला एक उतारा दिला होता. मुलांना नेण्यात आले, केस कापण्यात आले, भाषा बंद करण्यात आली, अशी त्यातली वाक्ये होती. बाईंनी सांगितले, प्रत्येक वाक्याखाली लिहा: कोणी? कोणी नेले? कोणी कापले? कोणी बंद केली? नातीच्या वहीत लाल शाईने उत्तरे होती. पोलिसाने. सरकारी एजंटाने. सिस्टरने. फादरने. आणि पानाच्या खाली बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिले होते, त्याचा अर्थ असा: यातल्या शेवटच्या दोन उत्तरांना मी ‘त्यांनी’ म्हणणार नाही, ते माझ्या घरातले आहेत.

आम्ही चकित होऊन पाहत राहिलो. जन्मभर आम्ही कर्तरी प्रयोग आणि कर्मणी प्रयोग शिकवले. सरकारी कागदात ‘करण्यात आले’ असे का लिहितात, हेही मुलांना गमतीने सांगत असू: त्यात कर्ता दडवता येतो. परंतु एखाद्या समाजाच्या इतिहासात कर्ता पुन्हा वाक्यात आणून बसवणे हेच सत्यकथन, असे आम्हाला कोणी इतके सोपे करून दाखवले नव्हते.

त्याच संध्याकाळी नातीने आणखी एक प्रश्न काढला. “आजोबा, मराठीत ‘वी’ला दोन शब्द आहेत ना?” आम्ही म्हणालो, आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा त्यात नसतो. ‘आपण’ म्हटले की ऐकणाराही आला. ती म्हणाली, “आमच्याकडे एक आजी येतात, अनिशिनाबे लोकांच्या. त्यांनी सांगितले की त्यांच्या भाषेतपण असेच आहे. नीनविंद आणि गीनविंद. इंग्लिशमध्ये नाही.” आम्हाला मोठे अप्रूप वाटले. हजारो मैलांवरची ती भाषा आणि आपली मराठी, यांचा काही संबंध नाही. तरी ही एक गोष्ट दोघींनी सांभाळली. आणि ज्या भाषेत हा बारकावा आहे, तीच बोलल्याबद्दल मुलांना मार बसत होता.

या दोन शब्दांनी आम्हाला पुढचा सगळा इतिहास समजायला मदत केली. समेट म्हणजे ‘आपण’. आपण एकत्र राहू, आपण पुढे जाऊ. पण त्याआधी कोणीतरी ‘आम्ही’ म्हणावे लागते. हे आम्ही केले. तुम्ही नाही, आम्ही. हा शब्द कॅनडाच्या चर्चच्या तोंडून सहजासहजी निघाला नाही.

पहिल्यांदा बोलले ते भोगलेले लोकच. १९९० च्या ऑक्टोबर महिन्यात फिल फाँटेन या मूळ रहिवाशांच्या नेत्याने, आपल्यावर कॅथलिक निवासी शाळेत अत्याचार झाले, असे दूरचित्रवाणीवर उघड सांगितले. मग इतरांची तोंडे उघडली. १९९१ मध्ये ऑब्लेट संघाने अल्बर्टातल्या लॅक सेंट अ‍ॅन या तीर्थस्थानी जाहीर क्षमा मागितली. शाळांत जे झाले तेवढ्यासाठीच त्यांनी क्षमा मागितली नाही. अशा शाळा मुळात काढल्या हाच मोठा अपराध, असे त्यांनी कबूल केले. हे ‘आम्ही’ होते. परंतु तो एक संघ झाला. सारे चर्च नव्हे. हजारो लोक न्यायालयात गेले, तेव्हा २००६ मध्ये नुकसानभरपाईचा करार झाला. त्यात कॅथलिक संस्थांनी अडीच कोटी डॉलर निधी उभारण्याचा शक्य तितका प्रयत्न करावा असे ठरले. जमले चाळीस लाखांहूनही कमी, आणि २०१५ मध्ये त्या संस्था त्या बंधनातून मोकळ्याही झाल्या. त्याच काळात भव्य चर्चे बांधायला देणग्या मिळत होत्या, हे लोकांनी पाहिलेच. २०२१ मध्ये बिशपांनी जाहीर क्षमा मागितली आणि पाच वर्षांत तीन कोटी डॉलर उभे करण्याचे वचन दिले.

या कराराचाच भाग म्हणून २००८ मध्ये सत्य आणि समेट आयोग नेमला गेला. त्याच वर्षी ११ जून रोजी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत क्षमा मागितली. आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर स्वतः मूळ रहिवासी समाजातले. सदस्य विल्टन लिटलचाइल्ड तर लहानपणी स्वतःच निवासी शाळेत राहिलेले. आयोगाने गावोगाव फिरून साडेसहा हजारांहून अधिक लोकांची कैफियत ऐकली. २०१५ मध्ये अहवाल आला, त्यात ९४ शिफारशी होत्या. बासष्टावी शिफारस सांगते, की निवासी शाळांचा आणि करारांचा इतिहास बालवर्गापासून बारावीपर्यंत सक्तीने शिकवा. चौसष्टावी खास धार्मिक शाळांसाठी आहे: सरकारी पैसा घेणाऱ्या अशा शाळांनी निरनिराळ्या धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवावा, आणि त्यात मूळ रहिवाशांच्या श्रद्धांचा भाग त्यांच्याच वडीलधाऱ्यांच्या मदतीने तयार करावा. शिक्षणानेच आपल्याला या गर्तेत लोटले आणि शिक्षणच बाहेर काढील, अशा अर्थाचे सिंक्लेअर नेहमी म्हणत. आम्ही तिथे असतानाच, ४ नोव्हेंबर २०२४ रोजी, त्यांचे निधन झाले. घरात त्या दिवशी त्यांच्याशिवाय दुसरा विषय नव्हता.

अठ्ठावन्नावी शिफारस पोपसाठी होती: त्यांनी कॅनडात येऊन क्षमा मागावी. पोप फ्रान्सिस यायला २०२२ साल उजाडले. २५ जुलै रोजी अल्बर्टातल्या मास्कवासिस येथे, जिथे एक मोठी कॅथलिक निवासी शाळा होती, तिथे त्यांनी क्षमा मागितली. अनेक म्हातारे रडले. अनेकांना मन हलके झाल्यासारखे वाटले. लिटलचाइल्ड यांनी पोपच्या मस्तकावर पिसांचा मुकुटही ठेवला. पण सिंक्लेअर यांनी दुसऱ्याच दिवशी उणीव दाखवून दिली. पुष्कळ ख्रिस्ती माणसांनी वाईट केले, असे पोप म्हणाले. चर्च या संस्थेने केले, असे म्हणाले नाहीत. म्हणजे पुन्हा कर्त्याचाच प्रश्न. पुढे ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने आणखी एक पाऊल टाकले. नव्याने ‘सापडलेली’ भूमी ख्रिस्ती राजांची, या पंधराव्या शतकापासून चालत आलेल्या सिद्धांताला त्यांनी जाहीरपणे नाकारले.

इतका मोठा धर्मगुरू जो शब्द जपून उच्चारतो, तो एका हायस्कूलच्या बाईंनी वहीच्या पानावर लिहून टाकला होता. म्हणून आम्हाला शाळेचे महत्त्व अधिक वाटते. क्षमा एकदाच मागितली जाते. वर्ग रोज भरतो.

बाईंची आणखी एक गोष्ट आम्हाला आवडली. सत्य सांगताना त्या फुगवून सांगत नाहीत. २०२१ च्या मे महिन्यात कॅमलूप्स येथील जुन्या कॅथलिक निवासी शाळेच्या आवारात जमिनीखाली रडारने पाहणी झाली, आणि तिथे २१५ मुलांचे अवशेष असल्याची खात्री झाली असे त्या समाजाने जाहीर केले. देश हादरला. चर्चच्या पायऱ्यांवर लोकांनी चिमुकल्या चपला-बूट मांडले. जगभरच्या वर्तमानपत्रांनी मृतदेह सापडले असे छापले. नातीने आपल्या निबंधात तेच लिहिले होते. बाईंनी तिथे ‘संभाव्य’ हा शब्द घालायला लावला. रडारला जमिनीतला फरक दिसतो. देह बाहेर काढलेले नाहीत. पुढे त्या समाजाने आकडाही सुमारे दोनशेवर आणला. असे एखादे चुकीचे वाक्य हाताशी धरून, हे सारे थोतांडच आहे असे म्हणणारे लोक तिथेही आहेत. बाईंचे म्हणणे असे, की ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या बाजूने बोलताना तर शब्द अधिकच मोजून वापरला पाहिजे. हे आपणा सर्वांनीच गाठीशी बांधावे असे आहे.

सगळेच काही छान आहे असे आम्ही म्हणत नाही. शाळेत रोज सकाळी घोषणा होते, की ही भूमी अमुक लोकांची. महिनाभराने ती घोषणा पोरांच्या कानांवरून पाण्यासारखी वाहून जाते. नारिंगी सदरे दुकानांत ढिगांनी विकायला येतात, आणि सदरा घातला की कर्तव्य संपले असे काहींना वाटते. सरकार बदलले की धोरण बदलते: २०१८ च्या उन्हाळ्यात ओंटारियोच्या नव्या सरकारने हा अभ्यासक्रम लिहिण्याच्या बैठका ऐनवेळी रद्द केल्या, पहिली ते तिसरीच्या वर्गांत हा इतिहास सक्तीचा व्हायला २०२३ साल लागले. आणि काही कॅथलिक पालक विचारतात, की हे सांगून मुलांची श्रद्धा का घालवता?

पालकांच्या सभेला मुलाबरोबर आम्हीही गेलो होतो. तिथे एका गृहस्थाने हाच प्रश्न विचारला. बाई शांतपणे म्हणाल्या, “सत्य ऐकून मूल श्रद्धा सोडत नाही. मोठ्यांनी सत्य लपवले होते हे उद्या त्याला कळले, तर मात्र सोडील.” सभेत थोडा वेळ कोणी बोलले नाही.

जिथे मनापासून काम होते, तिथे बदल दिसतोही. कॅलगरीच्या कॅथलिक शाळामंडळाने २०२१ मध्ये एका हायस्कूलवरून बिशप ग्रँडिन यांचे नाव उतरवले, कारण निवासी शाळांच्या पुरस्कर्त्यांत ते अग्रेसर होते. ओंटारियोतल्या अनेक मंडळांनी अकरावीच्या इंग्रजीत मूळ रहिवासी लेखकांचे साहित्यच लावले आहे. नातीच्या शाळेत येणाऱ्या त्या अनिशिनाबे आजी एका भांड्यात वनस्पतीची पाने जाळून त्यांचा धूर अंगावरून घेण्याचा त्यांचा विधी मुलांना समजावून देतात. निवासी शाळांतल्या पाद्र्यांनी यालाच सैतानाचे काम म्हटले होते. आता तो कॅथलिक शाळेच्या दिवाणखान्यात, मुख्याध्यापकांसमोर होतो.

घरात मात्र वाद झाला. मुलाचे म्हणणे, “बाबा, हे गोऱ्यांचे पाप. आम्ही इथे परवा आलो. आम्ही कोणाची मुले पळवली नाहीत, कोणाची जमीन घेतली नाही. आपल्या पोरीने कशाला मान खाली घालायची?” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. नात म्हणाली, “मान खाली घालायला कोणी सांगितलेच नाही. पण आपल्या गावाचे नाव काय आहे, बाबा?” मिसिसागा हे मूळ रहिवाशांच्या एका समाजाचे नाव आहे. १८०५ आणि त्यापुढच्या वर्षांतल्या करारांनी या भागातली त्यांची जमीन इंग्रजांच्या हाती गेली. १८४७ मध्ये ते लोक उठून दूर हॅगर्सव्हिल गावाजवळ राहायला गेले. आजही ते तिथेच आहेत, मोटारीने तासाभराच्या आसपास. गावाला नाव त्यांचे. गावात घर आमच्या मुलाचे.

मग सूनबाई बोलल्या. त्या सहसा अशा वादात पडत नाहीत. त्यांना नागरिकत्व २०२२ मध्ये मिळाले. आयोगाच्या चौऱ्याण्णवाव्या शिफारशीप्रमाणे २०२१ च्या जूनमध्ये कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ बदलली, आणि मूळ रहिवाशांचे आणि करारांचे हक्क मानण्याचे शब्द त्यात आले. “तुम्ही जुन्या शपथेने नागरिक झालात,” त्या मुलाला म्हणाल्या, “मी हे शब्द तोंडाने म्हणून झाले आहे. पाप माझे नाही, पण वचन माझे आहे.” यावर मुलाला उत्तर सुचले नाही, आणि आम्हालाही याहून चांगले सांगता आले नसते.

त्यानंतरच्या एका रविवारी मुलानेच गाडी काढली आणि आम्हाला ब्रँटफर्ड येथे नेले. तिथे मोहॉक इन्स्टिट्यूट नावाची जुनी निवासी शाळा आहे. ती कॅथलिक नव्हे, अँग्लिकनांची. १९७० मध्ये बंद झाली. रोज पातळ लापशी मिळे म्हणून मुले तिला ‘मश होल’ म्हणत, म्हणजे लापशीचे बीळ. ही इमारत पाडावी की ठेवावी, असा प्रश्न निघाला तेव्हा तिथल्या लोकांनी ती ठेवायचे ठरवले. पुरावा राहिला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. २०२५ मध्ये ती संग्रहालय म्हणून खुली झाली. आम्ही गेलो तेव्हा दुरुस्तीचे काम चालू होते. तिथल्या विटांवर मुलांनी आपली नावे कोरून ठेवली आहेत. ज्यांना आत आकड्याने हाक मारत, त्यांनी बाहेर येऊन विटेवर नाव लिहिले. आम्ही शिक्षक माणसे; बाकावर नाव कोरणाऱ्या मुलांना आम्ही जन्मभर रागावलो. त्या विटांपुढे मात्र हात जोडले गेले.

वाचकहो, या सगळ्यातून आम्हाला तीन गोष्टी उमगल्या. एक, समेटाची घाई नेहमी ज्याने घाव घातला त्याला असते. झाले गेले विसरा, आपण सारे एकच, असे तोच आधी म्हणतो. ज्याला घाव बसला त्याला आधी ऐकायचे असते, की हे कोणी केले. दोन, हे सांगण्याचे ओझे भोगलेल्यांच्याच खांद्यावर टाकू नये. आपली जखम दर वर्षी उघडी करून दाखवण्याचा त्यांनी काही मक्ता घेतलेला नाही. जी संस्था दोषी, तिच्याच शिक्षकाने फळ्यासमोर उभे राहून ते शिकवावे. आणि तीन, घाव शाळेत बसला म्हणून औषधही शाळेतच लावावे लागते. न्यायालय पैसे देईल, संसद क्षमा मागेल. पण पुढच्या पिढीचे मन घडते ते वर्गात.

आपली मुले-नातवंडे आता दूरदूरच्या देशांत शिकत आहेत. कॅनडात आहेत, ऑस्ट्रेलियात आहेत, न्यूझीलंडमध्ये आहेत. तिथल्या मातीत आधी कोण राहत होते, त्यांचे काय झाले, हे त्यांच्या शाळेत शिकवतात का, असे फोनवर एकदा विचारून पाहा. मार्कांची चौकशी तर आपण नेहमीच करतो. आणि मुलांनी उलट विचारले, की आपल्या गावात कोणी कोणाचे काय केले, तर ‘झाले ते झाले’ म्हणून त्यांना गप्प बसवू नका. वाक्य पूर्ण सांगा, कर्त्यासकट. ‘आपण’ हा फार सुंदर शब्द आहे. तो ज्याला म्हणायचा असेल, त्याने आधी ‘आम्ही’ म्हणण्याची हिंमत ठेवावी.